घरच्या शाळेची आगोट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जूनचा मध्य आला की आमच्या चिपळुणात दोन आवाज बरोबरच सुरू होतात. एक पागोळ्यांचा, दुसरा शाळेच्या रिक्षांचा. सकाळी पावणेसातलाच कोपऱ्यावर मुलं उभी असतात. अंगात रेनकोट, पाठीवर दप्तर, दप्तरावर आईनं बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. आमच्या घरातून मात्र कुणी बाहेर पडत नाही. आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात. थोरली दहा वर्षांची, मधला सात वर्षांचा आणि धाकटी साडेचार. हल्ली याला होमस्कूलिंग म्हणतात. आम्ही आपलं ‘घरची शाळा’ म्हणतो.

‘तुमचं बरं आहे, जूनची कटकटच नाही,’ असं पुष्कळ जण म्हणतात. आता त्यांना काय सांगायचं! शाळेतल्या मुलाचं वर्ष शाळा सुरू करते. घंटा होते, बाई वर्गात येतात, झालं वर्ष सुरू. घरी घंटा नाही. घरी वर्ष सुरू करावं लागतं. तेही तीन वयांच्या तीन मुलांसाठी, एकाच माजघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. यंदाचं हे आमचं पाचवं वर्ष. त्याविषयी आज बोलणार आहे. फार काही जमलंय म्हणून नव्हे. मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, ती कळायला मला सहा महिने लागले, आणि यंदाच्या वर्षाची मांडणी त्या चुकीपासूनच सुरू झाली आहे.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे आम्ही फार मोठे विचारवंत आहोत असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. २०२१च्या जूनमध्ये थोरली पहिलीत गेली, म्हणजे मोबाइलसमोर बसली. घरात मोबाइल एकच चांगला, तो यजमानांना दुकानात हवा. बाजारपेठेत त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पोरीची पहिली अशी अर्धी-मुर्धी चालली होती, आणि २२ जुलैला पूर आला. वाशिष्ठीचं पाणी पहाटे घरात शिरलं. सहा महिन्यांची धाकटी माझ्या कडेवर, मधला यजमानांच्या खांद्यावर, आणि थोरली जिन्यात उभी राहून एकेक पायरी बुडताना मोजत होती. शेजाऱ्यांच्या माडीवर आम्ही ती रात्र काढली.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. पहिलीची पुस्तकं त्याच चिखलात. मोबाइल गेला. दुकानात वायरची रिळं सगळीकडे पसरलेली. आम्ही ती धुऊन वाळत घालत होतो आणि थोरली दहा-दहाच्या रांगा लावत होती. जुनी वही भिजली होती म्हणून नवं रजिस्टर आणलं, त्यात तिनं रिळांचे नंबर लिहिले. वाचायला, लिहायला, मोजायला ती त्या रजिस्टरावर शिकली. पुढे शाळा उघडल्या, पण आम्ही भाड्याचं घर शोधत होतो, दुकान सावरत होतो. ‘हे वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी घालू,’ असं म्हणता म्हणता वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये बघतो तर पोरगी वाचतेय, विचारतेय, मधलाही तिच्या मागे लागून अक्षरं ओळखतोय. म्हटलं, चाललंय ते चालू दे. अशी ही शाळा. तत्त्वज्ञान मागाहून आलं.

कायद्याचं सगळे विचारतात, तेही एकदा सांगून टाकते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. नाही घातलं तर पालकांना शिक्षा त्यात नाही, आणि घरी शिकवण्याबद्दल कायदा काहीच बोलत नाही. म्हणजे आम्ही कुंपणावर बसलेली माणसं. दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून देता येते, आपल्या बोर्डाचा बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्मही आहे. दोन्हीकडे मूल चौदा वर्षांचं व्हावं लागतं. आमची थोरली दहाची आहे. तो प्रश्न अजून चार वर्षांवर आहे. आजचा प्रश्न निराळा आहे.

कोकणात पावसाळ्याआधी जी तयारी करतात तिला आगोट म्हणतात. घाटावरच्या श्रोत्यांना हा शब्द कदाचित नवा असेल. मिरगाचा पाऊस लागण्याआधी लाकडं भरायची, तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, मिरच्या, आमसुलं, फणसपोळी सगळं जागच्या जागी ठेवायचं, कौलं शाकारायची. एकदा पाऊस लागला की काही होत नाही. आमच्या शाळेची आगोटही मे महिन्यातच होते. वह्या, पेन्सिली, खडू, दोन पाट्या. बालभारतीची पुस्तकं संगणकावरून फुकट उतरवून घेता येतात, पण वीज गेली की ती जातात, म्हणून मी छापील घेते. शेजारच्या मुलांची आदल्या वर्षीची मिळाली तर सोन्याहून पिवळं. सगळं दुहेरी पिशवीत बांधून पोटमाळ्यावर. आता आम्ही उंचावर राहतो, इथे पूर येत नाही. तरी पुस्तकं खालच्या फळीवर ठेवायला माझा हात धजत नाही.

एवढं सामान झालं म्हणजे वर्षाची तयारी झाली, असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. पहिल्या वर्षी मी भिंतीवर वेळापत्रकही लावलं होतं. रंगीत पेनांनी. दहा ते पावणेअकरा गणित, पावणेअकरा ते साडेअकरा मराठी. सोमवारी सुरू केलं, बुधवारी मोडलं. कारण घरात तीन मुलं असली की सगळ्यात धाकटं मूल हेच शाळेचं मुख्याध्यापक असतं. त्याला भूक लागली की मधली सुट्टी, त्याला झोप आली की शाळा सुटली, आणि ते पडलं-रडलं की परिपाठापासून पुन्हा सुरुवात. मी मोठीला हातचे समजावत असताना धाकटी पिठाच्या डब्यात. मग ओरडणं, मग रडणं, मग मीच रडकुंडीला. शाळेत चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार करायची.

तेव्हा माझे वडील मदतीला आले. ते दापोली तालुक्यातल्या एका वाडीवर एकशिक्षकी शाळेत होते. पहिली ते चौथी एका खोलीत, गुरुजी एक. मी त्यांना फोनवर रडगाणं सांगितलं तर हसले. म्हणाले, ‘अगो, तुझी तीन आहेत. माझी एकतीस होती. चारही वर्गांना एकदम शिकवायला जाऊ नको. एकाला शिकव, दोघांना कामाला लाव. आणि मोठ्याला धाकट्याचा मास्तर कर.’ ते चौथीच्या हुशार मुलाला पहिलीच्या रांगेसमोर बसवायचे. तो मॉनिटर पाढे म्हणून घ्यायचा, पाटीवरची अक्षरं तपासायचा, आणि गुरुजी तेवढ्यात तिसरीचं गणित उरकायचे.

ही युक्ती जुनी आहे. पंतोजींच्या शाळांतही मोठी मुलं लहानांना शिकवत. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवत होते. तिथल्या गावठी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. शिक्षक कमी होते, म्हणून त्यांनी मुलांनाच मुलांचे शिक्षक केलं. मायदेशी परतल्यावर १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तिका छापली आणि इंग्लंडात ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. गरिबांच्या शाळांना ती फार आवडली, कारण एका मास्तरच्या पगारात शेकडो मुलं शिकत. स्वस्त होती ना!

वडिलांच्या सल्ल्यानं आमची शाळा खरंच रुळाला लागली. दुसरी एक गोष्टही त्यांनी शिकवली. काम एकच ठेवायचं आणि त्यात प्रत्येकाचा वाटा निराळा करायचा. आमच्याकडे अंगणात पर्जन्यमापक आहे. म्हणजे सरळ पोटाची प्लॅस्टिकची बाटली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला, बुडाशी खडे घालून तिथवर पाणी भरलेलं आणि त्या पातळीपासून वर चिकटवलेली पट्टी. चिपळुणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे जुलैमध्ये बाटली दिवसातून दोनदा रिकामी करावी लागते. धाकटी पाऊस पडला त्या दिवसाचा एक चिंचोका बरणीत टाकते. मधला पट्टी वाचतो आणि चौकटीच्या कागदावर उभा स्तंभ रंगवतो. थोरली आठवड्याची बेरीज करून सरासरी काढते. तिला दशांश चिन्ह पावसानं शिकवलं, मी नाही. एका बाटलीत तीन इयत्ता. पाहुणे आले की मी ती बाटली दाखवायची. कौतुक व्हायचं. मलाही बरं वाटायचं.

आता चुकीकडे येते.

मागच्या दिवाळीनंतर सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि चार महिने त्यांचं सगळं जागेवर करावं लागलं. त्या काळात शाळा चालू राहिली, आणि ती थोरलीमुळे राहिली. सकाळी ती मधल्याला घेऊन बसायची. त्याला शुद्धलेखन घालायची, पाढे घ्यायची. धाकटीला अक्षरांचे खेळ करून द्यायची. तिची वेणी घालायची, तिला भात भरवायची. मी आजीच्या खोलीतून ऐकायची आणि मनात म्हणायची, किती शहाणी आहे माझी पोर! आल्यागेल्याला सांगायची, ‘आमच्याकडे आता दोन बाई आहेत हो.’ ती लाजायची. सासूबाई मार्चमध्ये हिंडूफिरू लागल्या. शाळा मात्र तशीच चालू राहिली. चांगली चालली होती, कोण बदलतो?

यंदाच्या मे महिन्यात आगोट करताना मी मागच्या वर्षीच्या वह्या काढून बसले. दरवर्षी बसते. कोण कुठवर आलं ते पाहायचं आणि तिथून पुढचं धरायचं. मधल्याच्या वह्या गच्च भरलेल्या. एकोणीसपर्यंत पाढे, तीन अंकी वजाबाकी, दहा-दहा ओळींचे निबंध. धाकटीची सुद्धा एक वही संपलेली. मग थोरलीची गणिताची वही उघडली. पाव वही झाली होती. शेवटचं पान नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं. अपूर्णांकांची बेरीज, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. खाली तिनं उत्तर लिहिलं होतं दोन पंचमांश, म्हणजे वरचे अंक मिळवले, खालचे अंक मिळवले. आणि समोर प्रश्नचिन्ह काढलं होतं. बहुतेक मला विचारायचं म्हणून.

पुढच्या पानांवरही तिचंच अक्षर होतं. पण ते तिचं गणित नव्हतं. भावासाठी आखलेल्या उदाहरणांच्या रांगा. बहिणीसाठी टिंबाटिंबांनी काढलेलं ग म भ न. तपासून केलेल्या बरोबरच्या खुणा आणि लाल पेनानं लिहिलेलं ‘छान’, ‘सुधारणा हवी’. शेवटपर्यंत तेच. मराठीच्या वहीतही तेच. सहा महिने माझी मुलगी शिकवत होती. शिकत नव्हती.

मी वही मिटून ठेवली. काय बोलायचं सुचेना. ती दाराशी उभी होती. तिनं मला वही बघताना पाहिलं होतं. म्हणाली, ‘आई, एक विचारू? मी शाळेत गेले तर मला बाई मिळतील ना?’

म्हटलं, ‘मिळतील की. का गं?’

‘माझ्या वर्गाच्या बाई. माझ्या एकटीच्या नको. पण माझ्या वर्गाच्या.’

श्रोतेहो, घरी शिकवणाऱ्या पालकांवर आजवर जितके आक्षेप मी ऐकले, त्या सगळ्यांची उत्तरं माझ्यापाशी आहेत. मुलं एकलकोंडी होतील, स्पर्धेत मागे पडतील, शिस्त लागणार नाही, वगैरे. या एका वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आम्ही तिला शाळेतून वाचवलं असं मी समजत होते, आणि तिला घरातलीच एक बिनपगारी बाई करून टाकली होती. मुलगा थोरला असता तर भात भरवायला मी त्याला बसवलं असतं का? खरं सांगते, पाढे घ्यायला बसवलं असतं. भात भरवायला आणि वेणी घालायला नसतं बसवलं.

त्या रात्री मी वडिलांना फोन केला. विचारलं, ‘दादा, तुमच्या त्या चौथीच्या मॉनिटरला कोण शिकवायचं?’

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पाच वाजता शाळा सुटली की चौथीची मुलं मी तासभर थांबवून घ्यायचो. तेव्हा चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची.’ मला वाटलं संपलं. तर पुढे म्हणाले, ‘एक मुलगी होती. धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची शाळेत. मॉनिटर म्हणून पहिल्या नंबरची. सगळी पहिली तिनंच तयार केली माझी. पण पाचनंतर तिला घरी काम असायचं, आई शेतावर. तिला कधी थांब म्हटलं नाही मी. ती परीक्षेला बसली नाही.’ वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ही गोष्ट त्यांनी मला यापूर्वी कधी सांगितली नव्हती.

मोठ्यानं धाकट्याला शिकवू नये, असं मी म्हणत नाही. शिकवताना आपलंच पक्कं होतं, हे थोरलीच्या पाढ्यांवरून मी पाहिलंय. पण मॉनिटरच्या शाळेत एक तास फक्त मॉनिटरचा असायला हवा, आणि तो तास आधी काढून ठेवायला हवा. बाकीचं उरकल्यावर काढू म्हटलं तर तो कधीच निघत नाही. तीन मुलांच्या घरात उरलेला वेळ नावाची वस्तूच नसते.

तो तास काढायचा कुठून? इथे मला आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाची मदत झाली. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५च्या आणि २०२१च्या, दोन्ही पुरांत त्याची पुष्कळ पुस्तकं गेली, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा उभं राहिलं. मे महिन्यात मी तिथून पंडिता रमाबाईंचं चरित्र आणलं होतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोक विरोधात गेले, तेव्हा ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाई तिथेच जन्मल्या, १८५८ साली. त्या शिकायच्या वयाच्या झाल्या तोवर शास्त्रीबुवा थकले होते. तेव्हा शिकवायचं काम आईवर, लक्ष्मीबाईंवर आलं. दिवसभर त्या माउलीला घरकाम, विद्यार्थी, पाहुणे यांतून उसंत नसे. म्हणून त्या पहाटे पेंगुळलेल्या मुलीला उठवून जवळ घेत आणि संथा देत. वीस वर्षांच्या रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, ते या पहाटेच्या तासाच्या जोरावर. रमाबाई सर्वांत धाकट्या होत्या, आमची थोरली आहे, एवढाच फरक. माझ्या मुलीला पंडिता करण्याची मला हौस नाही. पण आईच्या दिवसात कुणाचाच नसलेला असा एकच तास असतो आणि तो पहाटेचा, हे त्या बाईंना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

तेव्हा यंदाची मांडणी अशी केली. पहाटे सव्वापाच ते सव्वासहा थोरलीचा तास. मी आणि ती, पडवीत, चहाचे दोन कप आणि दिवा. मोबाइल बंद. न्याहारीनंतरचा पहिला अर्धा तास धाकटीचा. हे मला उशिरा कळलं. लहान मूल दिवसभर भुणभुण करतं, कारण त्याचा वाटा त्याला शेवटी मिळतो. त्याला आधी पोटभर द्यावा, मग ते आपलं आपण खेळतं, निदान तासभर तरी. दुपारी धाकटी झोपली की मधल्याचा तास. आणि साडेआठ ते साडेनऊ, दुकानात जाण्याआधी, दोन्ही धाकटी मुलं बाबांकडे.

यावर यजमान आधी म्हणाले, ‘मला शिकवता येत नाही.’ म्हटलं, नका शिकवू, बरोबर असू द्या. आता ते दुरुस्तीला आलेल्या पंख्यांच्या मोटरी घेऊन पडवीत बसतात. मधला वेढे मोजतो, धाकटी तांब्याच्या तारेचे तुकडे डब्यात भरते. मोजता मोजता चुकलं की बाबा म्हणतात, ‘पुन्हा पहिल्यापासून.’ माझ्याकडे हेच वाक्य ऐकलं असतं तर मुलानं भोकाड पसरलं असतं. वेणी आणि भातही आता त्यांच्याकडे आहे. वेण्या वाकड्या होतात. होऊ देत.

थोरलीनं धाकट्यांना शिकवायचं की नाही, हे तिच्यावर. तिला वाटलं तर शिकवते, आणि वाटतं तिला बऱ्याचदा. फक्त मी सांगायचं नाही, असा नियम मीच मला घातला आहे. दोनदा मोडला. दोन्ही वेळा तिनं आठवण करून दिली.

शाळेचा प्रश्न उरतो. तो मी टाळला नाही. कायद्याचं चौथं कलम तिला वाचून दाखवलं. शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं, आणि राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं, असं त्यात आहे. म्हणजे ती गेली तर पाचवीत जाईल, पहिलीत नाही. ही भीती तिला होती, मला माहीतच नव्हतं. तिचा जन्मदाखला, आधार कार्डाची प्रत आणि फोटो एका फायलीत घालून दिले. दिवाळीपर्यंत पाहू, मग ती म्हणेल तसं, असं ठरलंय. ‘ती म्हणेल तसं’ हे म्हणायला सोपं आहे. ती ‘जाते’ म्हणाली तर मला वाईट वाटणार आहे, हे तिला कळतं, म्हणून चेहरा सांभाळावा लागतो. फाइल पोटमाळ्यावर ठेवू का विचारलं, तर म्हणाली, ‘नको, माझ्या फळीवर असू दे.’ तिथेच आहे.

वर्षाची सुरुवात आम्ही सगळ्यांच्या शाळांबरोबरच केली. आदल्या रात्रभर पाऊस कोसळत होता. सव्वापाचला उठवलं तर थोरली लगेच उठली, मीच जांभया देत होते. नोव्हेंबरचं ते पान उघडलं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. मी भाकरी आणून ठेवली होती, कापून दाखवायला. तिनं भाकरीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आई, मी काय धाकटी आहे का?’ भाकरी बाजूला ठेवली. वडिलांकडून पाठ करून घेतलेल्या पावकी-निमकीतून सुरुवात केली, मग छेद सारखे का करायचे ते कागदावर मांडलं. तीन षष्ठांश, दोन षष्ठांश, मिळून पाच षष्ठांश. तिनं जुनं उत्तर खोडलं नाही, शेजारी नवं लिहिलं.

एवढ्यात आतून धाकटीच्या रडण्याचा आवाज आला. विजांनी जागी झाली असणार. थोरलीनं पेन्सिल खाली ठेवली आणि उठायला लागली, सवयीनं. मग थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही उठले नाही. उठू नये म्हणून पाटाची कड धरून बसले होते. रडणं वाढलं. मग आतून यजमानांचा झोपाळू आवाज आला, ‘इकडे ये गं, मी आहे.’

थोरलीनं पुन्हा पेन्सिल उचलली. म्हणाली, ‘आई, छेद सहाच का घ्यायचा? बाराही चालेल ना?’

म्हटलं, ‘करून बघ.’